मॉरिशसमध्ये बायका नोकरीला लागल्या, आणि मग?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मॉरिशस हा एवढासा देश. तिथे बायका पन्नास वर्षांपासून कारखान्यांत जातात, शिक्षण फुकट आहे, मुली मुलांपेक्षा जास्त शिकतात. म्हणजे नोकरीतला स्त्री-पुरुष फरक तिथे संपल्यात जमा असायला हवा. मग बायकांची बेरोजगारी अजूनही पुरुषांच्या जवळपास दुप्पट का दिसते? आकडा चुकतोय की आपली समजूत?’

आकडा बरोबर आहे. समजूतही पूर्ण चुकीची नाही, पण अर्धीच आहे. कामगारांच्या पाहण्यांचे आकडे वाचण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. मॉरिशसचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं, कारण इतक्या थोड्या काळात इतक्या बायका घराबाहेरच्या पगारी कामाला लागल्याची उदाहरणं जगात कमी आहेत. ते काम हातचं कसं गेलं हेही तिथे तितकंच स्वच्छ दिसतं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आजचं चित्र. देशाचं क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा साधारण पाव भाग. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. सोळा वर्षांवरच्या शंभर पुरुषांपैकी सत्तरच्या आसपास पुरुष कामात किंवा कामाच्या शोधात असतात. बायकांमध्ये हे प्रमाण पंचेचाळीसच्या आसपास घुटमळतं. बेरोजगारी एकूण सहा टक्क्यांच्या आगेमागे असते, पण पुरुषांची पाचच्या खाली आणि बायकांची आठ-दहाच्या घरात. कोविडच्या आधीही असंच होतं, नंतरही जवळपास असंच आहे. भारतातल्या शहरी बायकांचं कामातलं प्रमाण पाहिलं तर हे पंचेचाळीस आपल्याला खूप वाटतं. पण मॉरिशसच्याच मागच्या वाटचालीकडे पाहिलं तर प्रश्न वेगळा पडतो: १९८० च्या दशकात जो वेग होता तो मध्येच का थांबला?

त्यासाठी उसापासून सुरुवात करावी लागते. १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर करारावर नेले गेले. पोर्ट लुई या राजधानीच्या ज्या धक्क्यावर ते उतरत तो आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. त्यांत बिहारी सर्वांत जास्त, तमिळ-तेलुगू बरेच, आणि मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठीही होते. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकता येतं. सुरुवातीच्या जहाजांत बायका फारच थोड्या होत्या. पुढे प्रमाण वाढलं, पण करारावर अंगठा बहुतेक करून पुरुषाचा. बाई शेतात खुरपायला, पाचट आवरायला जायची, हंगामात राबायची, मात्र हिशेबाच्या वहीत ‘कामगार’ म्हणजे तिचा नवरा. ही वही फार काळ टिकली. अगदी अलीकडेपर्यंत ऊस, चहा आणि मीठ या उद्योगांच्या वेतन आदेशांत पुरुषाचं काम आणि बाईचं काम असे वेगळे रकाने होते आणि दरही वेगळे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञ समितीने त्यावर मॉरिशसला वारंवार टोकलं आहे. पश्चिम किनाऱ्यावर तामारिनच्या मिठागरांत डोक्यावर टोपल्या घेऊन मीठ वाहणाऱ्या बायकांचे फोटो पर्यटकांनी आवडीने काढले. त्या टोपलीच्या वजनाला ‘हलकं काम’ कोणत्या हिशेबाने म्हणायचं हे फोटोत दिसत नाही.

१९६० च्या आसपास देशाची अवस्था बिकट होती. मलेरिया आटोक्यात आल्यावर मृत्युदर झपाट्याने घसरला होता, लोकसंख्या वाढत होती आणि काम देणारं पीक एकच, ऊस. जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाने (त्याला पुढे नोबेल मिळालं) १९६१ च्या अहवालात मॉरिशसच्या भवितव्याबद्दल बरीच निराशा व्यक्त केली होती. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं आणि १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा आला. त्यामागची मुख्य कल्पना एदुआर लिम फा या मॉरिशियन चिनी अभियंत्याची. कच्चा माल करमुक्त आणा, कारखान्यात माल तयार करा, सगळा निर्यात करा.

या कायद्यातली एक तरतूद बायकांच्या दृष्टीने निर्णायक ठरली आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बऱ्याच देशांत असं क्षेत्र म्हणजे बंदराजवळ कुंपण घातलेली वसाहत. मॉरिशसमध्ये ‘क्षेत्र’ हा जमिनीचा तुकडा नव्हता, तो कायद्याने दिलेला दर्जा होता. कारखाना बेटावर कुठेही असला तरी सवलती लागू. त्यामुळे शिलाईचे आणि स्वेटरचे कारखाने गावागावांच्या कडेला उभे राहिले. ज्या घरातून मुलीला पोर्ट लुईला एकटीला पाठवलं नसतं, त्या घराच्या वळणावर कंपनीची बस येऊ लागली. बाईला नोकरी करू देण्याबद्दल घराघरात जी चर्चा झाली असेल, ती या बसने अर्ध्यावर आणली असं मी मानतो.

राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र बेकार तरुण पुरुष होते. नोकऱ्या मिळाल्या त्या बायकांना. कारण साधं होतं: सुरुवातीच्या वर्षांत या कारखान्यांत बाईचं कायदेशीर किमान वेतनच पुरुषापेक्षा कमी ठेवलेलं होतं. हाँगकाँगहून आलेला किंवा ऊसमळ्यांचा पैसा कापडात घालणारा मालक दोघांतलं स्वस्त कोण ते पाहणारच. १९७० च्या दशकाच्या शेवटी या क्षेत्रातल्या दर दहा कामगारांत आठ बायका होत्या. १९८० च्या दशकाच्या मध्यात वेतनाचे नियम बदलले, बेकारी वीस टक्क्यांच्या आसपास गेलेली होती, आणि मग पुरुषही मोठ्या संख्येने आले. तरी बायकांचा वाटा निम्म्याच्या खूप वर राहिला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पाच प्रौढ बायकांपैकी एखादीच पगारी कामात किंवा कामाच्या शोधात असे. १९९० पर्यंत तिघींमागे एकीच्या वर. त्याच काळात जन्मदरही घसरला आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट झालं. तीन गोष्टी एकाच पिढीत घडल्या आणि एकमेकींना ढकलत गेल्या. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे वेगळं काढायचा प्रयत्न अनेकांनी केलाय. मला स्वतःला पगार आधी वाटतो, कारण कारखान्याची भरती शाळेच्या निकालाची वाट पाहत नव्हती.

हे कष्टाचं काम होतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं योग्य नाही. पंचेचाळीस तासांचा आठवडा आणि त्यावर दहा तासांपर्यंतचा ओव्हरटाइम, जो नाकारायची फारशी सोय नव्हती. कामावरून कमी करणं इतर उद्योगांपेक्षा सोपं होतं. स्वेटरच्या कारखान्यातलं लिंकिंगचं काम घ्या. विणलेले पुढचे-मागचे भाग जोडायचे, पण शिवून नाही. गोल फिरणाऱ्या तबकडीवर बारीक सुयांची रांग असते. पुढच्या भागाचं एकेक टाक्याचं वेटोळं एकेका सुईवर चढवायचं, त्यावर मागच्या भागाचं तेच वेटोळं बसवायचं, एकही सुटता कामा नये. एक सुटलं तर धुतल्यावर तिथून धागा निसटतो आणि अख्खा नग बाद होतो. बारीक लोकर, गडद रंग, दिव्याखाली मान वाकवून दिवसभर. हे काम अंगात मुरायला महिने लागतात आणि ज्या बाईला ते येतं ती लोकरीच्या कारखान्यासाठी सोन्यासारखी. कारखान्याबाहेर मात्र या कौशल्याला शून्य किंमत. मॉरिशस लोकरी विणमालाच्या जगातल्या आघाडीच्या निर्यातदारांत जाऊन बसला तो अशा बायकांच्या डोळ्यांवर आणि बोटांवर. पुढे जे घडलं ते समजायला हा तपशील उपयोगी पडेल.

१९८७ मध्ये निर्यात क्षेत्रातल्या कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला आणि त्यातून पाळणाघरं चालवली गेली. ही चांगली गोष्ट होती, आणि मुद्दाम सांगावी अशी, कारण ‘बायकांना नोकऱ्या दिल्या’ असं अभिमानाने सांगणारे देश पुष्कळ आहेत आणि मूल कुठे ठेवायचं हे विचारणारे थोडे. पण निधी एकाच क्षेत्राचा होता. हॉटेलात, दुकानात, लोकांच्या घरी काम करणाऱ्या बाईला त्याचा काही उपयोग नव्हता.

मग २००५ आलं. श्रीमंत देशांनी कापडाच्या आयातीवर देशवार कोटे लावले होते. मॉरिशसला त्या कोट्यांचा मोठा फायदा होता, कारण हाँगकाँगच्या मालकांना स्वतःचा कोटा संपल्यावर दुसऱ्या देशातून माल पाठवता येत असे. २००४ अखेर ही व्यवस्था संपली. शतकाच्या सुरुवातीला या क्षेत्रात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती. पाच वर्षांत हा आकडा सत्तर हजारांच्या खाली आला आणि पुढेही घसरत राहिला. जाणाऱ्यांत बायका जास्त. त्याच सुमारास युरोपला जाणाऱ्या साखरेची हमीची किंमत ३६ टक्क्यांनी कापली गेली आणि ऊसमळ्यांवरच्या हजारो स्त्री-पुरुष कामगारांना रोख रक्कम आणि जमिनीचा छोटा तुकडा देऊन स्वेच्छानिवृत्ती दिली गेली.

लहान देशात हा घाव मोठ्या देशापेक्षा खोल जातो. मुंबईच्या गिरण्या बंद झाल्या तेव्हा गिरणगावाचं काय झालं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. तरीही मुंबईभोवती एक मोठा देश होता, कोणी गावी परतलं, कोणी दुसऱ्या शहरात गेलं. मॉरिशसमध्ये एकच मोठा उद्योग बसला तर पुढचं शहर समुद्रापलीकडे असतं. पुरुषांना बांधकामात, वाहतुकीत, हॉटेलांत, पहारेकऱ्याच्या नोकरीत शिरता आलं. चाळिशीतल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या लिंकिंगवाल्या बाईने कुठे जायचं? साफसफाई, घरकाम, वृद्धांची देखभाल. म्हणजे आईच्या पिढीच्या ज्या कामातून ती कारखान्यामुळे सुटली होती, तिथेच परत आली.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. कापड कारखाने पूर्ण बंद पडले नाहीत. अनेक चांगले चालतात, आधुनिक आहेत, युरोप-दक्षिण आफ्रिकेला माल पाठवतात. मग तिथे आज मशीनवर कोण आहे? मोठ्या प्रमाणात परदेशी कामगार, सर्वांत जास्त बांगलादेशातून आलेले, आणि त्यांतले बहुतेक पुरुष. देशात परवान्यावर काम करणाऱ्या परदेशी कामगारांची संख्या कोविडपूर्वी चाळीस हजारांच्या वर होती. तिथे कामगार मिळत नाही आणि तिथल्याच बायका बेकार आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मालक म्हणतात, मॉरिशसच्या बायकांना आता कारखान्यात यायचं नाही. यात तथ्य आहे. आईने जे सोसलं ते मुलीला नको असतं, आणि नसावंही. पण मला या उत्तराने समाधान होत नाही. बांगलादेशातून आलेला तरुण कंपनीच्या वसतिगृहात राहतो. त्याची रात्रपाळी लावता येते, ओव्हरटाइम हवा तेवढा देता येतो, निर्यातीचा माल अडला की रविवारीही बोलावता येतं. त्याचं घर, त्याची मुलं, त्याचे म्हातारे आईवडील हजारो किलोमीटर दूर आहेत आणि त्यांना तिथे कोणीतरी बाई सांभाळते आहे. कारखान्याला असा कामगार हवा असतो ज्याच्या मागे घर सांभाळणारं दुसरं माणूस आहे. १९७५ ची अठरा वर्षांची मुलगी अशी होती, कारण घरी आई होती. चाळिशीतली बाई अशी नसते, कारण आता ती स्वतः ती आई आहे.

मॉरिशसच्या सांख्यिकी कार्यालयाने २००३ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम आणि घरातल्यांची काळजी यांवर बाई दिवसाला सरासरी साडेचार तासांहून थोडा जास्त वेळ घालवत होती, पुरुष सव्वा तासाच्या आसपास. कारखान्यांची तेजी सुरू होऊन तोवर वीस वर्षं झाली होती. पगार आणायचं काम दोघांचं झालं, घरचं काम एकीचंच राहिलं. माझ्या मते मॉरिशसचं पंचेचाळीसवर अडकणं हे मुख्यतः इथून येतं. शिक्षण, कौशल्य, भांडवल यांवर कितीही अहवाल लिहिले तरी साडेचार तासांना हात लावल्याशिवाय तो आकडा फार हलेल असं मला वाटत नाही.

बाकीच्या क्षेत्रांतही तोच धागा सापडतो. हॉटेलं हा देशाचा मोठा आधार, पण हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांत पुरुष जास्त आहेत. कारणं म्हणजे संध्याकाळची पाळी, सणासुदीचं काम आणि किनाऱ्यापासून गावापर्यंत परतायची अपुरी सोय. सार्वजनिक बस गावाकडे संध्याकाळी लवकर बंद होतात. रात्री अकराला पाळी संपणाऱ्या बाईने हॉटेलच्या गाडीवर विसंबायचं किंवा ती नोकरीच धरायची नाही. लार्सन अँड टुब्रोने बांधलेली मेट्रो २०२० पासून लोकांसाठी धावू लागली आणि पुढे क्युरपिप शहरापर्यंत गेली, पण ती आधीच दाट वस्तीच्या पट्ट्यातून जाते. एबेनच्या सायबरसिटीत (माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या वसाहतीत), बँकांत, हिशेबाच्या आणि कॉल सेंटरच्या कामात शिकलेल्या मुली मोठ्या संख्येने आहेत. शाळांत आणि न्यायव्यवस्थेत तर बायकांचं प्रमाण उत्तमच आहे. म्हणजे वरच्या टोकाला चित्र खरंच बदललं. ते पाहून ‘फरक संपला’ असं कोणी म्हणत असेल तर त्याने वरचाच मजला पाहिला आहे.

खालच्या मजल्यासाठी २०१७ चा ऑक्टोबर आठवा. सरकारी शाळा झाडणाऱ्या बायका ठेकेदारामार्फत कामाला होत्या आणि त्यांतल्या काहींना महिन्याला दीड हजार मॉरिशियन रुपये मिळत होते. तेव्हाच्या दराने आपले तीन हजारही भरत नाहीत, आणि मॉरिशस काही स्वस्त देश नाही. कामगार संघटनेच्या पाठिंब्याने त्या पोर्ट लुईच्या कंपनी गार्डनमध्ये उपोषणाला बसल्या. त्या वयाच्या, त्या परिस्थितीतल्या बायकांनी राजधानीच्या मध्यभागी असं बसणं याने देश हलला. राष्ट्रीय किमान वेतनाची चर्चा आधीपासून सुरू होती, पण या उपोषणानंतर ती टाळणं कोणालाच शक्य राहिलं नाही. जानेवारी २०१८ पासून सरकारी भत्त्यासह महिन्याला ९,००० रुपयांची हमी आली आणि जानेवारी २०२४ मध्ये किमान वेतन १६,५०० वर गेलं. महागाईने यातला काही भाग खाल्ला, तरी बायकांच्या पगारासाठी स्वातंत्र्यानंतर झालेल्या कायद्यांत याचं स्थान मी फार वर ठेवतो. किमान वेतन कागदावर स्त्री-पुरुष असा भेद करत नाही, पण तळाशी बायका जास्त असतात म्हणून फायदा त्यांना जास्त होतो. समान मूल्याच्या कामाला समान वेतन हे तत्त्व २०१९ च्या कामगार हक्क कायद्यातही आहे. ते बजावणं मात्र अवघड जातं, कारण जिथे बायका एका कामात आणि पुरुष दुसऱ्या कामात असतात तिथे तुलना करायची कोणाशी? एकाच टेबलावरच्या दोघांच्या पगारातला फरक कायदा पकडू शकतो. लिंकिंगवाली आणि क्रेनचालक यांच्यातला फरक पकडायला आधी ‘कौशल्य’ कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं.

आकडे वाचताना एक-दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, बेरोजगारीचा जाहीर होणारा आकडा मॉरिशियन नागरिकांचा असतो. वसतिगृहातले ते हजारो कामगार त्यात नाहीत. म्हणून ‘कापड उद्योगात एवढे रोजगार’ आणि ‘नागरिकांत एवढे रोजगार’ या दोन तक्त्यांची सांगड घालताना सावध राहावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. गेल्या आठवड्यात एक तास जरी पैशासाठी किंवा नफ्यासाठी काम केलं तरी ती व्यक्ती रोजगारात धरली जाते, हा आंतरराष्ट्रीय नियम. पाहणी करणारा दारात येतो, बाई म्हणते, ‘मी घरीच असते.’ पण तीच पहाटे उठून डाळपुरीचं सारण वाटते, पुऱ्या लाटते आणि नवरा त्या मोटरसायकलवर शाळेच्या फाटकाशी विकतो. डाळपुरी हे तिथलं आवडतं खाणं, तेव्हा धंदा रोजचा. प्रश्न नीट खोदून विचारला तर दोघंही रोजगारात येतात. वरवर विचारला तर नवरा ‘स्वयंरोजगारी’ आणि बायको ‘गृहिणी’. पाहणीचं प्रशिक्षण देताना मी सगळ्यात जास्त वेळ या एका प्रश्नावर घालवायला सांगतो. पैसे कोणाच्या हातात पडले हे नंतर विचारा, पीठ कोणी मळलं हे आधी विचारा.

असाच एक दाखला रॉड्रिग्जचा. मॉरिशसचंच हे छोटं बेट, मुख्य बेटापासून साडेपाचशे किलोमीटरवर. ओहोटीला उथळ पाण्यात चालत जाऊन लोखंडी टोकाच्या काठीने ऑक्टोपस पकडायचं काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या बायका करत आल्या. पकड घटत चालली म्हणून २०१२ पासून वर्षातला काही काळ पकडण्यावर बंदी घातली गेली आणि त्या काळात परवानाधारकांना किनारा साफ करण्यासारखं पगारी काम दिलं गेलं. बंदी उठली की ऑक्टोपस मोठे आणि जास्त मिळू लागले. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की बंदीच्या काळात मजुरी द्यायची तर आधी या बायका मच्छीमार आहेत हे कागदावर मान्य करावं लागलं. ज्यांची नोंद नव्हती त्यांना मजुरीही नव्हती.

पुरुषांबद्दल मी कमी लिहिलं, पण तेही जागच्या जागी राहिलेले नाहीत. उसातून बाहेर फेकला गेलेला पन्नाशीचा पुरुष कारखान्यातून गेलेल्या बाईइतकाच अडचणीत होता. फरक एवढाच की त्याला घराबाहेर कोणतंही काम चालत होतं, वेळेची अट नव्हती. पुरुषांचं कामातलं प्रमाणही गेल्या काही दशकांत खाली आलं आहे. शिक्षणाची वर्षं वाढली आणि लोकसंख्या म्हातारी होत चालली ही त्याची मुख्य कारणं.

म्हातारपणावरून शेवटचा मुद्दा, आणि सध्या माझ्या मते सगळ्यात निकडीचा. मॉरिशसमध्ये १९५८ पासून वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन सर्वांना मिळतं, नोकरी केलेली असो वा नसो; २०२५ पर्यंत ते वयाची साठ वर्षं पूर्ण झाली की मिळे. आयुष्यभर बिनपगारी राबलेल्या बाईच्या स्वतःच्या हातात पडणारी ही बहुधा पहिली नियमित रक्कम; आता ती महिन्याला पंधरा हजार मॉरिशियन रुपयांच्या आसपास आहे. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम यांनी हे वय टप्प्याटप्प्याने साठवरून पासष्ट करण्याची घोषणा केली. तिजोरीच्या बाजूने याला कारण आहे, देशाची लोकसंख्या वेगाने वृद्ध होते आहे. पण ‘पाच वर्षं जास्त काम करा’ हे सांगणं नोकरीत असलेल्या माणसाला लागू पडतं. साठीच्या बायकांत नोकरीत असलेल्या फार थोड्या आहेत, आणि २००५ मध्ये चाळिशीत कारखान्याबाहेर पडलेली पिढी नेमकी आता त्या वयाला पोचली आहे. तिच्यासाठी ही पाच वर्षं पगाराचीही नाहीत आणि पेन्शनचीही नाहीत. तुम्ही या विषयावर पुढे काम करणार असाल तर एकूण बेरोजगारीचा आकडा थोडा बाजूला ठेवा. साठ ते पासष्ट वयाच्या बायकांचा तक्ता दर तिमाहीला उघडा, आणि त्यात काम, पेन्शन आणि मदत या तिन्हींपैकी काहीच नसलेल्या किती ते मोजा.